शेळीच्या कोणत्या बाजूला बसावे

शेळीच्या मागे दोन्ही हातांची ओंजळ करून बसलो होतो, तेवढ्यात तुमचे पत्र आले. हात गुंतलेले, म्हणून सावित्रीने ते उघडून माझ्या डोळ्यांपुढे धरले. (तिला वाचता येत नाही. पहिली दहा मिनिटे ते उलटे होते.)

साडूभाऊ अर्जुनराव यांना धोंडीरामाचा मनापासून रामराम. मोमिनाबादेस आपण सर्व, आणि विशेषतः आपले गुडघे, ठीक असतील अशी आशा करतो. इकडे दिंद्रुडास मी खुशाल आहे, असे लिहायची रीत आहे म्हणून लिहिले.

खुशाल नसण्याचे कारण बंकट. त्याचा बांध माझ्या बांधाला लागून आहे. गेल्या उन्हाळ्यात माजलगावचे तहसीलदार साहेब पाहणीला आले. पाटीलकी आमच्या घरात चार पिढ्यांची. तरी साहेबांचा घोडा माझ्या शेतावरून पुढे गेला आणि बंकटच्या बाभळीखाली थांबला. साहेब उतरले, डोक्याचा रुमाल काढला, तिथेच त्यांचा डोळा लागला. उठल्यावर म्हणाले, "वाह बंकट पाटील, क्या छाँव है!" मी चार हातांवर उन्हात उभा होतो. "पाटील ते हायेत, साहेब," असे म्हणून बंकटने लगेच माझ्याकडे बोट केले. साहेबांनी माझ्याकडे पाहिले, माझ्या उघड्या बांधाकडे पाहिले आणि घोड्यावर बसले. बंकट गप्प राहिला असता तर मला त्याच्यावर रागावता तरी आले असते.

त्या बाभळी त्याने लावलेल्या नाहीत. आपोआप आल्या आहेत आणि अजून येत आहेत. मी मात्र मुहूर्त पाहून, शंभर बिया दुधात धुऊन, वितीवितीवर पुरल्या. तीन उगवल्या. उकरून पाहिले तर निम्म्या बियांना किड्यांनी भोके पाडलेली, आणि उरलेल्या पुरल्या तेव्हा होत्या तशाच खडखडीत. शेवटी कडूबाईला विचारले. गावच्या शेळ्या राखण्यात तिचा जन्म गेला. ती म्हणाली, "बाभळीचं बी लई टणक, पाटील. शेळीच्या पोटात जाऊन आलं, की मग उगवतं."

म्हणून एक शेळी आणून ओसरीला बांधली, तिला टोपलीभर शेंगा चारल्या आणि मागे बसलो. तीन दिवस बसलो. प्रत्येक लेंडी दगडाने फोडून पाहिली. एक बी निघाली, तीही दगडाखाली फुटली. सावित्री येता-जाता बोलत होती. "माझ्या बाळंतपणाला घटकाभर थांबला न्हाईत, अन् हिच्यामागं तीन दिस बसलात." (तुमच्या धाकट्या मेव्हणीची जीभ आपण जाणताच. थोरली आपल्या घरात आहे.)

आज कडूबाई वाटेने जाताना थांबली.

"पाटील, तिकडं काहून बसलात?"

"तूच सांगितलंस, पोटातून येतं म्हणून."

"पोटातूनच येतं. पण मोठं बी मागं कुठं जातंय? रवंथ करताना ती तोंडातून थुकती."

उठून पुढे गेलो. शेळीच्या तोंडापुढे एकेचाळीस बिया पडलेल्या. स्वच्छ, ओल्या, काळसर. आधीच्या दोन दिवसांच्या बिया सावित्रीने कचरा म्हणून झाडून उकिरड्यावर टाकल्या होत्या.

मी कडूबाईला विचारले, मग बंकटच्याच बांधावर का? ती म्हणाली, "दुपारी शेळ्या सावलीला बसत्यात. बसल्या की रवंथ, रवंथ केलं की बी. तुमच्या बांधावर सावली हाय कुठं?" म्हणजे ज्याच्याकडे बाभूळ आहे त्यालाच बाभूळ मिळणार. असा अन्याय निजाम सरकारच्या कायद्यातसुद्धा नाही.

तेव्हा आज माझ्या बांधावर चार मेढी पुरून वर तरट ताणले आहे. खाली शेळी बांधली आहे, पुढे शेंगांचा ढीग. या वेळी मी तोंडासमोर बसून हे पत्र लिहितो आहे. ती चघळते आणि माझ्याकडे पाहते. सावली पडायला दहा वर्षे लागतील, तोवर हे साहेब बदलून गेलेले असतील, हे मला कळते. कळून उपयोग होत नाही. घरी सर्वांना यथायोग्य सांगावे.

आपला,
धोंडीराम पाटील

ता. क. साहेब पुढच्या महिन्यात पुन्हा येणार आहेत. कचेरीत आपल्या ओळखीचे कोणी आहे, असे आपण दर दिवाळीला सांगता. त्यांच्याकडून साहेबांना नदीकडच्या वाटेने आणवावे. माझ्या शेतावर आले नाहीत तरी चालेल. बंकटच्या बांधावरून जाऊ नयेत, इतकेच.

आणखी एक. शेळी बंकटची आहे. शेंगाही त्याच्याच. मागितल्याबरोबर दिल्या, वर टोपली घरपोच आणून दिली. नाही म्हणाला असता तर मला फार बरे वाटले असते.

आणखी. पत्र टपालात टाकायचे राहिले, म्हणून आज सकाळचे लिहितो. तरट निम्मे खाल्लेले आहे. दावे तुटले आहे. शेळी बंकटच्या बाभळीखाली बसून रवंथ करत होती.