एडनच्या टेकड्यांवरची बाभूळ

एडन, ४ जानेवारी १९५७

ती. बब्रुवानअण्णांस धाकट्या चुलतभावाचा शरणार्थ, वि. वि.

इथल्या इंग्रज सरकारनं उघड्या टेकड्यांवर झाडं लावायला दिल्लीकडं जाणकार मागितला अन् मला धाडलं, हे कळलंच असेल. पण वाफ्यात बाभूळ उगवेना. जंगल खात्यात साधे गार्ड असून तुम्ही अणदूरचा माळ हिरवा केलात. बी कसं तयार करता, तेवढं कळवा. वहिनींना नमस्कार. माया आहेच, ती राहू द्यावी.

आपला महालिंगप्पा

अणदूर, ९ फेब्रुवारी

चि. महालिंगप्पास आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या वहिनीनं, रुद्रम्मानं, साऱ्या गल्लीला दाखवलं. डेहराडूनच्या जंगल कॉलेजात आपल्या दोघांत एकच जागा होती, ती तुला मिळाली. आता कोट घालून साहेबांत बसतोस. मला अडाण्याला काय विचारतोस? बी एक दिवस पाण्यात भिजव अन् पेर. दुसरं काय न्हाय.

बब्रुवान

एडन, २८ मार्च

ती. अण्णांस शरणार्थ, वि. वि.

सांगितल्यासारखं केलं. शंभरात चार उगवली. जूनपर्यंत रोपं दिसली नाहीत तर घरी जा, असं साहेब म्हणाले. अण्णा, माझं काही चुकलंय का? पत्रात तुमचा नेहमीचा सूर नव्हता.

महालिंगप्पा

अणदूर, २० एप्रिल

चि. महालिंगप्पास आशीर्वाद.

म्या अर्धंच सांगितलं, अन् जाणून सांगितलं. तुझे वाफे सुकावेत असं मनात आलं होतं. रुद्रम्माला हे कळलं, तवापासून ती माझ्याशी बोलत न्हाय. आता नीट ऐक. शेळ्यांना बाभळीच्या शेंगा चार. बी त्यांच्या पोटातून गेलं की वरचं कठीण साल मऊ पडतं. कोंडवाड्यातल्या लेंड्यांतून ते वेचून पेर. तिकडं शेळ्या लई असतील.

बब्रुवान

एडन, २ जुलै

ती. अण्णांस शरणार्थ, वि. वि.

शंभरात सत्तर उगवली. साहेब वाफ्याजवळ उकिडवे बसून बघत होते. ही युक्ती कुणाची, असं त्यांनी विचारलं. माझी, असं मी सांगून बसलो. तुमच्या हाताचा मला लहानपणापासून हेवा वाटतो, अण्णा. मी कागदावर शिकलो, तुम्हाला माती ओळखते. अहवाल अजून छापायचाय. नाव कुणाचं घालू, ते तुम्हीच सांगा.

महालिंगप्पा

अणदूर, ३० जुलै

चि. महालिंगप्पास आशीर्वाद.

तुझंच राहू दे, असं लिहायला बसलो होतो. दोनदा लिहून फाडलं. मला तेवढा मोठेपणा जमत न्हाय. माझं घाल. हुद्दा पण घाल, गार्ड म्हणून. अन् छापलं की एक प्रत धाड.

तुझा अण्णा