काच नाही, पुष्कराज

बॅलरॅट, सोमवार

लाडक्या बाबा,

मी मजेत आहे, जेवतेय नीट. आईचा गुडघा कसा आहे? बोटीवरून उतरलास की जरा फोन उचलत जा.

तुझं पत्र वाचून डोकंच फिरलं. तो प्रेस्कॉट म्हणे मोठा रत्नपारखी! तू किनाऱ्यावर वेचून डब्यात साठवलेल्या एका खड्यावर चाकू ओढला, करडी रेघ उठली, आणि साहेब म्हणाले, "अरेरे, ही तर बाटलीची काच! डबाभर आहे तेवढी नेतो मी शनिवारी." आणि तू मान डोलावलीस?

बाबा, अंगठा ओला कर आणि ती रेघ पूस. जाईल ती. ओरखडा खड्याला गेलेलाच नाही, त्याच्या चाकूचं लोखंड झिजून वर लागलंय! आमच्या खाणशास्त्राच्या कॉलेजात पहिल्या आठवड्यातली पोरंसुद्धा असली चूक करत नाहीत. हा माणूस एकतर ठार अडाणी आहे, नाहीतर चोर.

आता तोच खडा आपल्या किलिक्रँकीच्या किनाऱ्यावरच्या गारगोटीवर दाबून घास. काच असेल तर गारगोटीला काही होणार नाही. चरा पडला, आणि पुसूनही गेला नाही, तर पुष्कराजच.

डबा अजून घरात आहे ना? प्लीज, पलंगाखाली ढकल. आणि साहेब चिडलेच, तर सांग, "मुलगी म्हणाली, आधी चाकूला धार लावून या."

तुझीच,
टॅम्सिन