उत्तम काच दिसत नाही

सोमवार, ३ मार्च. सकाळी ८.
देवाचं नाव घेऊन भट्टी पेटवली. प्रयोगशाळेच्या मॅडमनी शुक्रवारची मुदत दिली आहे. काच चालली तर ठीक, नाहीतर भट्टी कायमची बंद आणि मी स्टोअरमध्ये. बावीस वर्षं काच ओततोय; पाच दिवस म्हणजे चैन.
काचेचं काम सोपं आहे. मंद प्रकाश अडवायचा, जोरदार सोडायचा. गेटवरचा वॉचमन वर्षानुवर्षं हेच करतो. ही काच फायबरच्या, म्हणजे प्रकाश वाहणाऱ्या काचतंतूच्या, मधे बसवली की लेझर सलग जळायचं सोडून प्रकाशाचे ठेके देतो, सेकंदाला कोट्यवधी.
संकल्प: घाई नाही. प्रत्येक नमुन्याला लगेच चिठ्ठी. मॅडमसमोर चष्मा नाही. उगाच म्हातारा दिसतो.

मंगळवार, ४ मार्च.
काच हळूहळू निवायला हवी होती. जरा डोकावलो. तडकली. भट्टीचं दारच ढिलं, मी काय करणार.

गुरुवार, ६ मार्च.
दुसरी उतरली. घासून नखाएवढी चकती केली, कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ. चिठ्ठी उद्या. कागदात गुंडाळून अशा जागी ठेवली आहे की विसरणं शक्य नाही.

शुक्रवार, ७ मार्च. दुपारी.
बाकावर कागदाची घडी होतीच. फायबरवाले दादा म्हणाले, मी बसवतो, नाहीतर निदान चष्मा तरी लावा. म्हटलं, आमचे गावचे गुरुजी सांगायचे, हाताला डोळे हवेत. चिमट्यात काही दिसलं नाही, पण उत्तम काच दिसतच नसते. बसवली. दादांनी फायबर जरा पिळलं आणि पडद्यावर ठेके! शिवणीच्या टाक्यांसारखे, एकसारखे.
मॅडम म्हणाल्या, "काका, वाचली तुमची भट्टी."
देवाला मनातल्या मनात हात जोडले. नम्र राहायचं ठरवलं. आत्तापर्यंत नऊ जणांना सांगितलं.

संध्याकाळी ६.
पेपर वाचायला चष्म्याची डबी उघडली. आत कागदाची घडी. घडीत चकती.
ही दुसरी असेल. केली मात्र एकच होती.
बायको म्हणाली, "अहो, मग तिथे बसवलंत काय?"
विचार चालू आहे.

शनिवार, ८ मार्च.
ठेके खरेच होते. मी जवळ उभा होतो, त्याचाही काही परिणाम असणारच. पण सकाळी देवासमोर बसलो तर वर बघवेना. सोमवारी सांगायचं.

सोमवार, १० मार्च.
सांगितलं. मॅडम म्हणाल्या, दादांना शुक्रवारीच शंका आली होती; फायबर पिळलं की हा लेझर कधीकधी काचेशिवायही ठेके धरतो. "तुम्ही स्वतः येऊन सांगता का, तेवढं बघत होतो, काका. चला, आता खरी लावू."
चष्मा लावला. चकती बसवली. ठेके राहिले बाजूला, लेझरच पेटेना. माझी काच मंद प्रकाश अडवते, जोरदारही अडवते. भेदभाव करत नाही.
भट्टीची किल्ली मॅडमच्या टेबलावर ठेवली. भट्टीलाही विश्रांती हवीच होती.
स्टोअरमध्ये पहिलं काम मिळालं: दोनशे बाटल्यांना चिठ्ठ्या लावणे.