नकाशातलं पंक्चरचं दुकान

नवी पेठ, सोलापूर

तीर्थरूप ज्ञानबामामांना भाची संस्कृतीचा वाकून नमस्कार. तुमच्या गुडघ्याची सूज आणि मामीचा राग, दोन्ही उतरलं असेल अशी आशा करते.

"पोरी, तू नकाशाच्या हापिसात हायस, मग माजं दुकान नकाशात दिसाय पायजे की," असं तुम्ही दिवाळीत म्हणालात आणि मी लगेच हो म्हटलं (नोकरी नवी होती, अक्कलही). ज्या दुकानात टायरांच्या ढिगावर बसून मी बारावीचा अभ्यास केला, ते माळशिरस तालुक्याच्या नकाशात नसावं हे मलाही सहन होईना.

पण मामा, तुमचं दुकान रस्ता आणि कालव्याच्या मधल्या वीस फुटांत. अख्खा तालुका एका कागदावर बसवायचा, तर रस्त्याची रेघ निदान डोळ्यांना दिसेल इतकी जाड काढावी लागते, आणि ती जाडी जमिनीवर मोजली तर ऐंशी फूट भरते! म्हणजे दुकान रस्त्याखाली आणि रस्ता कालव्यात. अशी गर्दी झाली की कॉम्प्युटर एकेकाला बाजूला सरकवतो, आणि जागाच नसेल तर कमी महत्त्वाच्याला पुसून टाकतो. पहिल्यांदा त्याने तुम्हाला कालव्यापलीकडच्या उसात नेऊन ठेवलं, दुसऱ्यांदा पुसलंच. मला भारी कुतूहल वाटलं, की कुणी सरकायचं आणि कुणी नाही हे ठरवतं कोण? (आपल्या घरी मामी ठरवते.) म्हणून कॉम्प्युटरला दिलेली नियमांची यादी काढून वाचली. तीत एक ओळ सापडली: देवस्थान हलवायचं नाही आणि पुसायचंही नाही.

मी दुकानाचा प्रकार बदलून 'देवस्थान' केला. बटण दाबलं आणि काय सांगू, रस्त्याने वळसा घेतला, कालवा अदबीने मागे सरला, आणि मधोमध तुम्ही, डोक्यावर झेंडा! आनंदात मी डबा खायचा विसरले.

मामीला नमस्कार.

तुमची,
संस्कृती

ता. क. : आमचे साहेब अण्णाराव फार भाविक आहेत. छापण्याआधी जागेवर जाऊन खात्री करायची असते, ती या गुरुवारी ते स्वतः करणार आहेत, सहकुटुंब. माझी नोकरी आता तुमच्या हातात आहे. दारापाशी एक बरासा दगड मांडून शेंदूर लावाल का? त्यासाठी टायर सरकवावे लागतील (मामी वीस वर्षं तेच सांगते आहे).

आणखी एक : साहेबांनी देवाचं नाव विचारलं, तेव्हा घाबरून मी तुमचंच सांगितलं. तेव्हा गुरुवारी कुणी नारळ घेऊन समोर हात जोडले, तर "पंक्चर कुटं हाय?" असं विचारू नका.