पिंजऱ्यावरचे कापड

कसन्तीना, १८ जिल्काद १४०६

प्रिय भगिनी झहूर हीस,
तय्यिबचा सलाम वि. वि.

तुझे पत्र आणि सूनबाईंनी पाठविलेला अंजिराचा मुरंबा, दोन्ही सुखरूप पोचले. मुरंब्यात साखर सढळ आहे. हकीमांनी मला साखर वर्ज्य केली आहे हे तिला ठाऊक नसावे. तूही सांगू नकोस. येथे उकाडा असा आहे की दुपारच्या नमाजाला निम्मे लोक अल्लाहसाठी येतात आणि निम्मे मशिदीच्या गार फरशीसाठी. तो दयाळू आहे, दोघांचेही स्वीकारील. कुर्बानीची ईद जवळ आल्यामुळे गल्लीत माणसांपेक्षा मेंढे अधिक झाले आहेत. मुराद शिंप्याचा मेंढा गच्चीवरून पहाटे अजानच्या आधीच ओरडतो. मुराद म्हणतो, तो धर्मनिष्ठ आहे. माझ्या मते तो भुकेला आहे.

पिंजऱ्यातला तुझा काझी मध्यंतरी जरा मलूल होता. त्याला गुरांच्या डॉक्टरांकडे नेऊन आणले. डॉक्टर विद्वान गृहस्थ आहेत. भिंतीवर तीन प्रमाणपत्रे काचेत बसविलेली असून चौथ्यासाठी खिळा ठोकून ठेवला आहे. त्यांनी पाण्यात घालायला पूड दिली. काझी आता शांत आहे.

आहे तो लोभ उणा होऊ देऊ नये, ही प्रार्थना.
तुझा भाऊ,
तय्यिब

अन्नाबा, २३ जिल्काद

वडीलबंधू तय्यिब यांस,
धाकट्या झहूरचा सलाम वि. वि.

डॉक्टरांच्या खिळ्यालासुद्धा पत्रात जागा मिळाली आणि माझ्या काझीला तीन आखूड वाक्ये! म्हणे शांत आहे. भाऊ, तो मक्नीन आहे, गाणारे पाखरू. शांत राहायला तो काय मशिदीचा खांब आहे? माझे यजमान मखलूफ गेले त्या दिवशी घरात चाळीस माणसे रडत होती आणि हा गात होता. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. वर कापड टाकले, तर कापडाखालून गायला. लाल तोंडाने मान तिरकी करून सगळ्यांचा निवाडा करतो म्हणून मखलूफनीच त्याचे नाव काझी ठेवले होते. त्यांच्या हातचे माझ्याजवळ तेवढेच एक जिवंत उरले आहे. मुलाच्या घराला सज्जा नाही म्हणून तो तुमच्याकडे ठेव म्हणून दिला. दान दिलेला नाही.

डॉक्टरांनी त्याला हातात घेतले का? चोच पाहिली का? दुखणे काय म्हणाले? मला लिहायला तुम्हीच शिकवलेत, तेव्हा तुम्ही काय लिहायचे टाळलेत ते मला लगेच दिसते.

माया असू द्यावी, आणि सरळ लिहावे.
आपली,
झहूर

कसन्तीना, २८ जिल्काद

प्रिय झहूर,
सलाम वि. वि.

काझी १६ तारखेला सकाळी गेला. मागचे पत्र लिहिले तेव्हा त्याला जाऊन दोन दिवस झाले होते. त्या पत्रात खोटे असे एकही वाक्य नव्हते, आणि खरे असेही एकही नव्हते. आयुष्यभर मुलांना पवित्र पठण शिकविणाऱ्या माणसाने हे करावे, याची मला फार लाज वाटते.

घडले ते असे. रीतीप्रमाणे पिंजऱ्यावर पांढरे कापड बांधून मी तो नेला. दुसऱ्याच्या पाखरावरचे कापड आपल्याकडे कोणी विचारल्याखेरीज उचलत नाही, हे तू जाणतेस. डॉक्टर दूरध्वनीवर कोणाशी तरी मेंढ्यांच्या दातांविषयी बोलत होते. मध्येच मला त्यांनी विचारले की खातो का. मी म्हटले, नाही. तेवढ्यावर त्यांनी पूड लिहून दिली. कापड उचललेच नाही. ओठांवर आले होते की हकीमसाहेब, निदान पाहा तरी. परंतु जाणत्याला मध्ये तोडू नये हे मी साठ वर्षे पाळले आहे आणि त्यासाठी मुलांच्या तळहातांवर छड्याही मारल्या आहेत. पैगंबर सुलेमानांना पाखरांची भाषा येत होती. मला वाटले, डॉक्टरांनाही आवाजावरून थोडेफार कळत असेल.

पुडीने पाणी कडू झाले. त्या उकाड्यात काझीने दोन दिवस चोच बुडविली नाही. तो गेल्यावर, दुकानात पाखरे पाळणाऱ्या राबह न्हाव्याने पाहताक्षणी दाखविले: चोचीच्या आत बियाचे टरफल रुतले होते. चिमट्याने निघाले असते. माझ्या सत्तरीच्या डोळ्यांना ते दिसले नाही.

अंगणातल्या डाळिंबाखाली त्याला ठेवले आहे. लोभाविषयी काही मागण्याचे धैर्य आज नाही.
तय्यिब

अन्नाबा, ३ जिल्हेज

भाऊ,
सलाम.

पाखराचे आयुष्य अल्लाहच्या हाती. त्याबद्दल मी तुमच्याशी भांडत नाही. पण मी येथे त्याच्यासाठी काटेबोंडांचे बी निवडत बसले होते, आणि तुम्ही मला मुरादच्या मेंढ्याच्या गोष्टी सांगत होतात!

गेल्या रमजानात परगावचा इमाम एक आयत विसरला तर भरल्या मशिदीत मागच्या रांगेतून तुम्ही त्याला टोकलेत. मी बायकांच्या बाजूला होते, तुमचा आवाज तिथपर्यंत आला. वर तुम्ही मलाच समजावलेत की इमाम चुकला तर टोकणे हे मागच्याचे कर्तव्य आहे. मग इमामाला टोकायचे आणि गुरांच्या डॉक्टरपुढे हात बांधून बसायचे, हे कोणत्या उस्तादाने शिकवले?

याचे उत्तर मिळेपर्यंत मी ईदला येत नाही.
झहूर

कसन्तीना, ८ जिल्हेज

प्रिय झहूर,
सलाम वि. वि.

तुझा प्रश्न रास्त आहे. म्हणून काल रिकाम्या पिंजऱ्यावर कापड बांधले आणि पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. ही लबाडी होती. तिची क्षमा मी वाटेत पुलावरच मागून घेतली.

दवाखान्यात मेंढेवाल्यांची ही गर्दी! डॉक्टरांनी विचारले, खातो का? मी म्हटले, नाही. पितो का? नाही. गातो का? तेही नाही. यात एक अक्षर खोटे नव्हते. त्यांनी पूड लिहायला घेतली. तेव्हा मी टोकले, मशिदीतल्यासारखेच, मोठ्याने, की थांबा, आधी कापड उचला.

त्यांनी उचलले. आत नुसती दांडी. मग एक मेंढा खोकला. एका मेंढेवाल्याने विचारले, डॉक्टर आता फरिश्त्यांनाही औषध देतात काय. दुसरा म्हणाला, पूड लागू पडलेली दिसते, दुखणे पार नाहीसे झाले. डॉक्टर लालबुंद झाले. त्यांनी मला आतल्या खोलीत नेले आणि खाली पाहत सांगितले की आपण गाई-मेंढ्यांचे शिकलो, पाखरांचे कोणी शिकविलेच नाही. मग तसे सांगितले का नाही, असे मी विचारले. ते म्हणाले, हाजी, माणूस आशेने येतो, त्याला रिकाम्या हाताने पाठवणे जिवावर येते.

झहूर, मी भांडायला गेलो होतो. पण मलाही तुला रिकाम्या हाताने पत्र पाठवणे जिवावर आले होते. मी त्यांना एवढेच म्हटले की मला ठाऊक नाही, हे वाक्य आमच्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी घोकून घेतले होते, तुम्हीही घोका. त्यांनी चिठ्ठी फाडली. पुढे कोणी पाखरू आणले तर राबहकडे पाठवीन, असे कबूल केले.

त्याने काझी परत येत नाही. ठेव मी गमावली. तिचा जाब निवाड्याच्या दिवशी द्यायचा आहेच. त्याआधी तो तुला द्यावा, म्हणून हे लिहिले. तू म्हणशील ते मान्य आहे.
तय्यिब

अन्नाबा, १४ जिल्हेज

वडीलबंधू तय्यिब यांस,
झहूरचा सलाम वि. वि.

खोकणाऱ्या मेंढ्यापाशी मला इतके हसू आले की सूनबाई पाणी घेऊन धावली. ते पाणी पिता पिता रडू आले. तिला वाटले, म्हातारीचे डोके फिरले.

आता मी टाळलेले लिहिते. वसंतापासून माझ्या डाव्या डोळ्यापुढे धुके आहे. येथल्या डॉक्टरांनी वहीतून मान वर न करता थेंब लिहून दिले. मी पदर सावरून बसले, अल्लाह तुमचे भले करो म्हटले आणि निघाले. तीन महिने थेंब घालते आहे आणि धुके दाट होते आहे. घरात कोणाला बोलले नाही. तुम्हाला एवढे सुनावले, पण आपण दोघे एकाच आईची लेकरे.

गुरुवारच्या बसने येते. डाळिंबाखाली घडीभर बसेन. दुसऱ्या दिवशी नको, शुक्रवार आहे. शनिवारी मला तिथल्या मोठ्या इस्पितळात न्या. काझीची ठेव गेली ती गेली. हा डोळा मात्र मी तुमच्याशिवाय कोणाच्या स्वाधीन करणार नाही. आत माझ्या शेजारी बसा, आणि गप्प राहू नका.

लोभ होता तिथेच आहे, त्याची काळजी करू नये. थांब्यावर वेळेवर यावे. मला आता दुरून माणूस ओळखू येत नाही.
तुमची,
झहूर