काकूंचं बोंड माझ्या दारावर

प्रिय काकू,

आज हुडकेश्वरला माझं स्वतःचं पडद्यांचं दुकान सुरू झालं, आणि दारावर तुमची खूण आहे! तुमच्याआधी हे दुसऱ्या कुणाला सांगू?

ते जपानी पडदे, नोरेन, आठवतात का हो? जपानात नोकरी करून आलेल्या मीनलताई नूडल्सचं हॉटेल काढणार होत्या. दारासाठी त्यांनी तिथल्यासारखे पडदे सांगितले. निळं सुती कापड, वर दांडीला सलग, खाली उभ्या चिरा, लांबी जेमतेम माणसाच्या छातीपर्यंत. तुम्ही ते बेतून दिले आणि लग्नाला मौद्याला गेलात. मी अतिशहाणी! दारात फाटका पडदा कोण लावतं, म्हणून साऱ्या चिरा बारीक टाक्यांनी शिवून टाकल्या.

मीनलताई घ्यायला आल्या, चिरा कुणी शिवल्या म्हणून विचारू लागल्या, आणि मी परत आलेल्या तुमच्या पाठीमागे लपले. तुम्ही मात्र शांतपणे म्हणालात, "माह्याच हातून झालं." मग दोन दिवस टाके उसवत बसलात, मला एक शब्द बोलला नाहीत. त्यापेक्षा दोन रट्टे दिले असते तरी चाललं असतं.

त्या दिवशी ताईंनी नोरेनचं सगळं सांगितलं. पडदा बाहेर टांगला की दुकान उघडं, आत घेतला की बंद. चिरेतून हातानं कापड सारत माणसं आत शिरतात. त्यावरची खूण म्हणजे दुकानाची इज्जत. वर्षानुवर्षं राबलेला कारागीर वेगळा झाला, की मालक त्याला तीच खूण लावायची मुभा देतो.

माझे तर कान टवकारले! तुम्ही प्रत्येक पडद्याच्या कोपऱ्यात सुईदोऱ्यानं कापसाचं बोंड भरायचात, तीच तुमची खूण. बारा वर्षं मी तुमच्याकडे शिवलं, पण ते बोंड मला कधी भरू दिलं नाहीत. मी हट्टानं मागितलं तर म्हणालात, "हे मागून नाही भेटत वं वंदना. शिवून भेटते." फार लागलं होतं मला. इतक्या कडक का वागलात, काकू?

तुम्ही हे जग सोडून गेल्यावर ताईंचं दुसरं हॉटेल निघालं आणि नोरेनचं काम माझ्याकडे आलं. तुमच्याच मशीनवर शिवले. चिरेची एकेक कड दुमडून हातानं टाके घातले. कोपरा मात्र रिकामा सोडला. न दिलेली खूण कशी लावणार?

ताई आल्या तेव्हा तुमचा मुलगा नितीनही तुमच्या दुकानात होता. पडदा उलटा करून शिवण बघत ताई म्हणाल्या, की हे काकूंनीच करून ठेवलेलं दिसतं. मी म्हटलं, नाही, हे माझ्या हातचं. आणि मागच्या वेळी चिरा शिवल्या होत्या, त्याही मीच. इतक्या वर्षांनी सांगून टाकलं, हलकं वाटलं!

नितीन बराच वेळ शिवणीवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "वंदनाताई, कोपरा काहून रिकामा सोडला? आईचं बोंड भर नं."

काकू, जिंकले हो मी! तिथंच बसून रडले आणि रडता रडता सुई ओवली.

हे दुकान निघायच्या आधीपासूनच कोराडीच्या दोघीजणी माझ्याकडे शिवायला येतात. त्यांच्यावर मीही रागावते, अगदी तुमच्यासारखी. पण एक वचन देते. त्यांचा हात बसला की त्यांना ताटकळत ठेवणार नाही. तुमच्या तोंडून जे ऐकायला मी बारा वर्षं थांबले, ते मी त्यांना समोर बसवून सांगेन, की बाई, तू माझ्याइतकंच चांगलं शिवतेस.

तुमच्या हाताखाली घडलेली,
वंदना