मायसाठी बाई निवडताना

२ जुलै २०१४, बुध.
ऑर्डर आली! मु.अ. झाले. मुख्याध्यापिका! तिरोड्याकडची शाळा, चौदा तारखेला हजर व्हायचं. बावीस वर्षं कामठ्यात खडू घासला, आता स्वतःची खुर्ची. कागद व्हरांड्यात उभ्यानं तीनदा वाचला, शिपाई हसला तर हसू दे.
मायला सांगितलं तर उजव्या हातानं माझा गाल ओढला. डावा तसाच मांडीवर पडलेला, मार्चपासून, लकवा मारला तेव्हापासून.
मग डोक्यात आलं. कामठ्याची शाळा घराजवळच होती, मधूनमधून येता यायचं; आता सकाळी आठला निघायचं, संध्याकाळी सहाला परत. मायला उठवायचं कोणी, न्हाऊ कोण घालेल, हाताचा व्यायाम कोण करून घेईल?
दादाला नागपूरला फोन केला. म्हणे इकडे आणून टाक, लिफ्ट आहे. मायनं ऐकलंच. "मी काय पोतं होय का, आनून टाकाले? मी हे घर सोडत नाही." म्हणजे घरीच कोणीतरी बाई हवी. नाहीतर खुर्ची गेली.

४ जुलै, शुक्र.
गोंदियात दोन एजन्स्या पाहिल्या. घरी येऊन आजारी माणूस सांभाळणारे लोक. आपल्या इकडेही हे आलं, मजाच आहे.
पहिली एकदम झकास. ए.सी., गुळगुळीत फोल्डर, वर हसरी गोरी म्हातारी. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, टेन्शन मत लो, हम हैं ना." मी तिथेच पाघळले.
दुसरी कापडाच्या दुकानावर, जिना चढून. रिटायर नर्स चालवते, सगळे सिस्टर म्हणतात. मी विचारायला गेले तर तीच मला विचारून राहिली. मायचं वजन किती, घरात जास्त कोण चिडतं (मी), मायनं जन्मभर काय काम केलं. सांगितलं, रोवण्याची टोळी चालवली, दरसाल चाळीस बाया घेऊन धानाच्या बांधीत, चिखलात रोपं लावायची. तेही वहीत लिहून घेतलं. कायले पाहिजे ह्या बाईला? चोंबडी वाटली.
ए.सी.वाली ठरली.

७ जुलै, सोम.
ए.सी.वाल्यांची बाई आली, ट्रायलला. निळा युनिफॉर्म, पर्स. मी सतरंजी टाकली, पाणी दिलं, चहा दिला. ती उठायला लागली तर मायच म्हणते, बस ना बाई, दमून आली असशील. दुपारी अंड्याचा रस्सा केला. ती जेवली, पंख्याखाली झोपली. मायचं न्हाणं-धुणं नेहमीसारखं मीच केलं.
ती गेल्यावर माय म्हणाली, "चांगली हाय पाहुनी. आता कवा येनार?"

८ जुलै, मंगळ.
मॅनेजरला फोनवर झाडलं. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, आपने उसको काम करने दिया क्या?"
फोन ठेवला. खरंच नाही दिलं. आपल्याकडे घरी आलेल्या बाईला कोण कामाला हात लावू देतं? चूक आमची, पण त्या माणसाला परत तोंड कसं दाखवू.
मुकाट्यानं जिना चढले. सिस्टर हसली. म्हणाली, तीन दिवस ट्रायल देते, पण माझा एक नियम. पहिल्या दिवशी मुलीनं घरात थांबायचं नाही.

१० जुलै, गुरु.
आज भराभर लिहून राहिले, अक्षर वाकडं येईल. येऊ दे.
सिस्टरची सरिताबाई आली. चाळिशीची, गोंदियाचीच, बोलणं हिंदी. मी शेजारच्या ओसरीवर, कुंपणाआड. सरिताबाईनं मायला न्हाऊ घातलं, वेणी घातली, अंगणात खाटेवर बसवलं. झालं! मायनं तिची परीक्षा काढली. टोळीत नवी बाई आली की माय तिला आपल्या शेजारची पात द्यायची, म्हणजे तिची ओळ डोळ्यासमोर राहायची. आज बांधी नाही, तर शेजाऱ्यांकडून घमेलंभर चिखल मागवला, धानाच्या पऱ्ह्यांची, कोवळ्या रोपांची पेंढी मागवली. म्हणे, लाव.
सरिताबाईनं जन्मात धान लावलं नसावं. अर्धी पेंढी एकाच जागी खुपसली, तुळस लावावी तशी. माय भडकली. "काऊन वो, हात हायेत का खराटे? आन इकडं!"
आणि पेंढी हिसकली. उजव्या हातानं एकेक पऱ्हा चिखलात दाबू लागली. रोवताना पेंढी डाव्या हातात धरतात. तिनं डाव्या हातातच धरली होती. बोटं मिटलेली होती. चार महिने मी रबरी चेंडू देऊन थकले, ती बोटं हलली नव्हती.
मायला पत्ताच नाही, ती शिव्या देण्यात गुंग. सरिताबाईनं पाहिलं. गुपचूप दुसरी पेंढी पुढे केली. मी कुंपण धरून रडले, आनंदानं रडले.

१२ जुलै, शनि.
दादाला खरं वाटत नाही, म्हणे व्हिडिओ पाठव. चेंडू दिला तर हात अजूनही ढिम्म. पेंढी दिली की धरतो, कधी सुटतेही. घमेलं तिसऱ्यांदा भरलं.
सिस्टरचा फोन: सरिताबाई एकवीस तारखेपासून दुसऱ्या घरी कबूल आहे. बदली बाई देईन, नाहीतर बघते. बघते म्हणजे काय!

१४ जुलै, सोम.
शाळेतून लिहितेय, माझ्या खुर्चीवरून! पहिली घंटा मीच वाजवली.
निघताना वाटलं, माय दाराकडे डोळे लावून बसेल. कशाची! ती सरिताबाईला ओळ सरळ करायला लावत होती. मला जरासं लागलं, आणि बरंही वाटलं.
सिस्टरचा निरोप नाही अजून.
मधल्या सुट्टीत घरून फोन. मायच होती, सरिताबाईनं मोबाईल लावून दिलेला. म्हणाली, "हे बाई पुढच्या सोमवारी दुसरीकडं जातो म्हनते. म्या सांगतलं, अर्धी बांधी टाकून कोनी जात नसते." मागून सरिताबाई हसत होती, हो की नाही काही कळलं नाही. मी बोलायला लागले तर माय म्हणाली, "ठेव आता, तुये पोरं वाट पाहून राह्यले असतीन."
फोन तिनं कोणत्या हातात धरला होता, ते विचारायचं राहून गेलं.